कुठलं मॉडेल

तपकीर गल्लीत, एलईडी माळांच्या घाऊक दुकानावर,
लोखंडी जिना चढून आलं की माझं टेबल.
एक ते चार बंद. ती पावणेएकला आली.
चादरीत गुंडाळलेली गिटार समोर ठेवली,
इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं ठेवावं तशी,
आणि म्हणाली, मॉडेल सांगा. विकायची आहे.
मुलगा म्हणतो, मॉडेल कळलं की किंमत येते.

माथ्यावरचं नाव गेलेलं.
चार बारीक भोकं, आणि पाटीच्या आकाराचं
जरा उजळ लाकूड,
भिंतीवरून कॅलेंडर काढल्यावर दिसतं तसं.

मी चष्मा बदलला.
बटणं दोन: एक व्हॉल्व्ह रेडिओचं, एक मिक्सरचं.
खुंट्या सहा, त्यातल्या चारच एका आईच्या.
घोडी पितळेची, भोसरीत कुणाच्या तरी लेथवर
जेवणाच्या सुट्टीत कातलेली असावी, एक कड तशीच धारदार.
रंग काळा. नखानं खरवडला तर खाली हिरवा,
खडकीत पेट्यांना मारतात तो.
"वडील दारूगोळा कारखान्यात?"
"छत्तीस वर्षं. स्टोअर्सला."
हिरव्याच्याही खाली, घोडीच्या कडेला,
गव्हाच्या दाण्याएवढा लाल,
कडेनं मधासारखा पिवळा होत गेलेला.
असली तेवढंच.

म्हटलं, जपानी असेल. साठ-पासष्टची.
एकेक कारखाना दहा-दहा नावांनी काढायचा तेव्हा.
किंवा चेक. किंवा जपानी बघून
कलकत्त्यात कुणी केलेली.
ती तिकिटाच्या पाठीवर लिहून घेत होती:
जपानी, किंवा चेक, किंवा.

आठ स्क्रू काढून वरची पट्टी उचलली.
आत धूळ, झुरळाचा एक पंख,
डाख जाडजाड, घाबरलेल्या हाताचे,
आणि पीएमटीचं पंधरा पैशांचं तिकीट
चौघडी करून तारेखाली दाबलेलं,
खरखर येऊ नये म्हणून.
नंबर कुठंच नाही.

झीज बघायची तर उजेड आडवा लागतो.
खिडकीशी नेऊन तिरपी धरली.
वाजवणाऱ्याचं उजवं कोपर टेकतं तिथला रंग शाबूत.
बरोबर उलट्या कडेला
बशीएवढा पट्टा लाकडापर्यंत गेलेला.
गळ्यातल्या पट्ट्याचं बटण दुसऱ्या शिंगावर नेलेलं,
जुन्या भोकात आगपेटीची काडी ठोकून बुजवलेलं.
हाडावरच्या खाचा पाहिल्या:
जाड तारेच्या जागी बारीक, बारकीच्या जागी जाड.
पुन्हा पाहिल्या.

"वडील डावखुरे होते."
"छे हो. जेवण, सही, सगळं उजव्या हातानं.
डाव्या हातानं घास घेतला म्हणून
भावाला मारलंय त्यांनी, पानावरून उठवून."

मी काही बोललो नाही.
आमच्या वर्गात एक होता,
मास्तर त्याचा डावा हात बाकाला बांधायचे, चड्डीच्या नाडीनं.
नंतर सुंदर अक्षर आलं त्याचं.

खाली हातगाडीवाला ओरडत होता, बाजू, बाजू.
ती त्या उघड्या लाकडावरून बोट फिरवत राहिली.
मग म्हणाली, "कॅरम."
थांबली.
"क्वार्टरगेटला, रविवारी, चर्चहून आल्यावर.
राणी अडकली की स्ट्रायकर या हातात घ्यायचे.
आम्ही ओरडायचो, पप्पा, चीटिंग!
ते हसायचे आणि राणी घ्यायचे."
हात वर गेला होता तिचा.
कुठला ते पाहून तिनं तो खाली घेतला.

पट्टी बसवली, स्क्रू मोजले, आठ.
पावती केली: हेमलता रणभिसे.
गिटार, इलेक्ट्रिक, नग एक.
मॉडेलपुढे रेघ मारली, मग रेघेवर लिहिलं, डावी.
साफसफाईचे ऐंशी.
"यानं किंमत वाढेल?"
"कमी होईल."
तिनं मान हलवली, चादर नीट चारी बाजूंनी घेतली,
आणि जिना उतरून गेली.

एक वाजून वीस. सत्तावीस वर्षांत
एवढा उशीर पहिल्यांदा.
कुलूप शोधताना दिसलं,
पंधरा पैशांचं तिकीट टेबलावरच राहिलंय.
आता कुणी वाजवली
तर खरखरेल.